खुराड्यातली खुंटी

४ मार्च
पाहुण्यांची इमारत, वरचा मजला

ती. ताई,

गुडघे कुरकुरतात म्हणून साष्टांग नाही, नुसता नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं तू वाचत नाहीस, तेव्हा तुझ्यापायी मला परत पाकीट चिकटवायला शिकावं लागतंय.

पोचलो. ठकी मजेत आहे. खाते, झोपते आणि मी काही बोललो की तुझ्यासारखं तोंड करून बघते. तिला बजावून ठेवलंय की घरी "मामा" आणि "तू", पण कामावर "सर" आणि "तुम्ही". सख्खी भाची हाताखाली घेतली म्हणून लोक आधीच कुजबुजतात. काळजी करू नकोस, या महिनाभरात तिचं मोजमाप पुरं झालं की तिचा प्रबंध मार्गी लागेल. नाही झालं तर शिष्यवृत्ती संपेल, पण ते व्हायचं नाही. मी आहे ना.

ही जागा म्हणजे एक भलीमोठी गोल इमारत. आत गोल नळीतून इलेक्ट्रॉन गरागरा फिरतात आणि वळताना क्ष-किरण फेकतात. नळीच्या कडेकडेने शिशाच्या भिंतींच्या बंद खोल्या आहेत. किरण तिथे आणायचा, आपल्या नमुन्यावर पाडायचा आणि बाहेर बसून बघायचं. या खोलीला इथले सगळे खुराडं म्हणतात. किरण चालू असताना खुराड्यात माणूस असता कामा नये. संपलं. यापलीकडे समजण्यासारखं काही नाही, आणि एवढ्यासाठी त्यांनी आज मला शाळेत बसवलं!

हो, शाळेत. नवा असो की जुना, प्रत्येक पाहुण्या संशोधकाने सुरक्षेचा वर्ग करायचा, मग संगणकावर परीक्षा, मग छातीवर लावायला बिल्ला. वर्गात बाकाला जोडलेल्या खुर्च्या, ज्यांत माझ्या वयाचा माणूस बसला की उठवायला दुसरा लागतो. भिंतीवर पळणाऱ्या हिरव्या माणसाचं चित्र. आधी एक चित्रफीत दाखवली. तीत शिरस्त्राण घातलेला एक बावळट ओल्या फरशीवरून घसरतो आणि पडल्यावरही हसतो. मग शिकवणाऱ्या बाई उभ्या राहिल्या. मी त्यांचं नाव बालवाडीबाई ठेवलंय. आवाज असा की समोर बसलेल्यांना दुपारचं निजवायचंय. "हे दार आहे. हे दार बंद होतं. बंद व्हायच्या आधी आपण काय करतो?" ताई, ज्या विषयावरचं पुस्तक मी लिहिलंय त्या विषयात ही बाई मला दार म्हणजे काय ते सांगत होती! आणि माझ्या शेजारचे दोन पंडित चक्क टिपणं काढत होते.

मध्यंतरात मी कॉफीला उठलो तो परत गेलोच नाही. नंतर म्हणे सगळ्यांना रिकाम्या खुराड्यात नेऊन फिरवलं. जत्रेत फिरवतात तसं. परीक्षेचं काय, म्हणशील. माझा पासवर्ड ठकीला दिला. तिने आधी स्वतःची दिली, मग माझी. तिला अठ्ठ्याण्णव मिळाले आणि मला शंभर. आहे की नाही मामा हुशार?

तुझा,
बाबू


११ मार्च

बाबू,

आशीर्वाद द्यायला हात वर गेला होता. तुझं पत्र वाचता वाचता खाली आला.

तीस वर्षं मी गाडीचे परवाने दिले, म्हणजे दिले कमी आणि नाकारले जास्त. माझ्या शेजारच्या सीटवर न्यायाधीश बसले, शल्यवैद्य बसले, एकदा एक वैमानिक बसला. म्हणाला, बाई, मी विमान चालवतो. म्हटलं, चालवा, पण आत्ता ही गाडी मागे घ्या. त्याने मान न वळवता घेतली आणि कचेरीच्या फाटकाचा खांब पाडला. शहाण्या माणसाला मागे बघायचा कमीपणा वाटतो. अडाण्याला निदान भीती तरी वाटते. तुला मी दोनदा नापास केलं ते याच कारणाने. सख्ख्या बहिणीने नापास केलं म्हणून तू अजून घरभर सांगत असतोस. सख्खी नसते तर पहिल्याच वळणाला उतरून पायी घरी गेले असते.

माझ्या मुलीने तुझी परीक्षा दिली, हे तू मला गंमत म्हणून कळवलंस. मी दोनदा वाचलं. गंमत कुठे आहे ते सापडलं नाही. तिला तुझ्या हाताखाली पाठवली ती चार गोष्टी शिकायला. तुझे चोचले पुरवायला नाही. तिच्यावरही माझा राग आहेच. घरात माझ्याशी तोंडाला तोंड देते आणि तुझ्यापुढे तिची दातखीळ बसते. तिच्या लहानपणी तू दारात आलास की ती तुझे बूट जागेवर ठेवायची. अजून तेच करतेय, दुसरं काय.

त्या बाईंचा आवाज निजवण्यासारखा आहे म्हणतोस. तू मध्यंतरातच उठून गेलास, मग पुढे त्या काय सांगणार होत्या ते तुला कळलं कसं?

कोट घालत जा. नाहीतर खोकत परत येशील आणि माझ्या डोक्याला ताप.

ताई


१६ मार्च

ती. ताई,

तुझं पत्र म्हणजे वाहतूक पोलिसाचा दंड. पावती तेवढी राहिली.

कोट घालतो. घालावाच लागतो, या इमारतीत मढी ठेवल्यासारखा गारठा आहे. फक्त खुराड्यात काम करताना बाह्या तारांत अडकतात, तेव्हा काढून ठेवतो. तिथे सगळं कोट्यवधींचं सामान, पण कोट अडकवायला धड सोय नाही. शेवटी नमुना ज्या पोलादी टाकीत ठेवतो तिच्यामागच्या भिंतीवर एक बुटकी जाडजूड खुंटी दिसली. तीवर अडकवतो. तू कॉलरमागे शिवून दिलेली पट्टी बरोबर बसते तिच्यावर, मापानं केल्यासारखी.

काम झकास चाललंय. पण इथले सोपस्कार! तुला करमणूक म्हणून सांगतो. खुराड्यात शिरणाऱ्याने दाराजवळच्या फळीवर आपल्या नावाची चकती अडकवायची, निघताना काढायची. मी एकदाही अडकवलेली नाही. मी काय शाळेच्या सहलीला आलोय? मग किरण सुरू करायच्या आधी "शोध". एकाने आत फिरून प्रत्येक कोपऱ्यात वाकून बघायचं, "कोणी आहे का?" म्हणून ओरडायचं, त्या त्या कोपऱ्यातलं बटण दाबायचं, मग बाहेर येऊन दार लावायचं. तेवढा वेळ दुसऱ्याने दारात उभं राहायचं, कोणी आत घुसू नये म्हणून. ठकी हे सगळं इतक्या भक्तिभावाने करते की बघवत नाही. रिकाम्या खोलीत ओरडते, उत्तराची वाट बघते, मग पुढे जाते. दारातला दुसरा म्हणजे मी. तीन दशकं या विषयात घालवून आता मी दरवान झालोय.

त्यांच्या नियमांना मी माझा एक नियम जोडलाय. झडप उघडून किरण आत सोडायचा तो मी "सोड" म्हटल्यावरच. त्याआधी कोणी बटणाला हात लावायचा नाही. इथला एक तंत्रज्ञ म्हणाला, याची गरज नाही. म्हटलं, गरज नसेल, पण प्रयोग माझा आहे. ठकीला सवय झालीय. बोट बटणावर ठेवते आणि माझ्याकडे बघते. मीही जरा वेळ लावतो. हाताखालच्यांना वाट बघायची सवय असावी.

तुझा,
बाबू


२२ मार्च

ती. ताई,

एक अप्रिय गोष्ट कळवायची आहे. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेली बरी.

काल ठकीने शोध नीट न घेता खुराड्याचं दार लावलं. मी आत होतो. किरण सुटला नाही, त्यामुळे मला इजा नाही. पण प्रकार गंभीर आहे. चौकशी होणार आहे, समितीची बैठक महिनाअखेरीस आहे. ठकीने चूक कबूल केली आहे, तेच तिच्या हिताचं आहे. वर्षभर या आवारात यायची बंदी होईल असं दिसतं. मी मध्ये पडलो तर भाची म्हणून पांघरूण घातलं असं म्हणतील, तेव्हा माझे हात बांधलेले आहेत. शिष्यवृत्तीचं नंतर बघू.

मुलं हल्ली लक्ष देत नाहीत. मी तिला बोललो नाही फारसं. तूही बोलू नकोस.

बाबू


२३ मार्च

आई,

मामाने तुला लिहिलं असेल आणि काय लिहिलं असेल तेही मला माहीत आहे. तू आधी बस. पाणी पी. मग वाच.

शोध माझ्याकडे होता. मी टाकीमागे वाकून बघितलं, ओरडले, कोणी नव्हतं. बटण दाबलं आणि पलीकडच्या कोपऱ्यात गेले. त्या कोपऱ्यातून टाकीची मागची बाजू दिसत नाही. मामा तेवढ्यात आत शिरला. त्याचा चष्मा टाकीजवळ राहिला होता. एकदा बघून झालेल्या जागेत परत कोणी जायचं नाही हा इथला पहिला नियम. कोणी जाऊ नये म्हणून दारात माणूस उभा करतात. आई, तो माणूस मामाच होता. तोच आत गेला.

मी बाहेर आले. दारात मामा नव्हता, पण तो असा मधूनच जातो, मला त्याचं काही वाटलं नाही. फळीवर त्याची चकती नव्हती, ती कधीच नसते. दार लावलं. भोंगा सुरू झाला. तो थांबला की झडप उघडता येते. मी बटणावर बोट ठेवलं आणि सवयीने मागे वळले, "सोड" ऐकायला. खुर्ची रिकामी.

पुढचं तुला खरं सांगते. मी वैतागले होते. भोंगा थांबला होता, नमुना तयार होता, आणि हा राजा कुठे उलथला कोण जाणे. मला वाटलं, आज आपणच सोडावा. काय करेल, ओरडेल. बोट बटणावरच होतं. मग त्याच्या मेजावर कॉफीचा कप दिसला. भरलेला, वाफ निघणारा. मामा गरम कॉफी टाकून कुठे जात नाही. मी बोट काढलं आणि दार उघडलं.

तो दारामागे उभा होता. मुठी ठोकून ठोकून लाल झाल्या होत्या. शिशाच्या दारातून बाहेर काही ऐकू येत नाही. माझ्या तोंडून "मामा" निघालं. त्याचं पहिलं वाक्य, "डोळे फुटले होते का तुझे?"

शिकवणाऱ्या बाई धावत आल्या. म्हणाल्या, "आत अडकल्यावर दाबायचं लाल बटण असतं, सगळं तिथल्या तिथे बंद होतं. ते का नाही दाबलंत?" मामा म्हणाला, "मला दिसलं नाही, म्हणजे तुमचीच मांडणी चुकीची." बाई वळल्या. आत गेल्या, टाकीमागून मामाचा कोट घेऊन आल्या, घडी घातली आणि त्याच्या हातात दिला. बटण कोटाखाली होतं. त्याला तो खुंटी समजत होता.

तो कोट मला रोज दिसायचा. मामाच्या वस्तूला हात लावला की तो खेकसतो, म्हणून मी कधी काढला नाही. तेव्हा माझीही चूक आहेच.

तू म्हणशील, मग सगळं सांगत का नाहीस? कसं सांगू? मामाला बटण माहीत नव्हतं म्हटलं की ते विचारणार, मग परीक्षेत शंभर कसे मिळाले? ती परीक्षा मी दिली होती. दोघंही जाऊ. मामा म्हणतो, तू एकटी कबूल हो, वर्षभराने मी बघतो. वर्षभराने शिष्यवृत्ती नसेल आणि मीही इथे नसेन, हे त्यालाही कळतं. पण तो म्हणाला आणि मी मान डोलावली. समितीला त्याने सांगितलंय की तो आधीपासून आतच काम करत होता.

त्याला काही लिहू नकोस, तुला माझी शपथ. रात्री झोप लागत नाही. बोट सारखं आठवतं.

ठकी


२८ मार्च

बाबू,

ठकीने मला शपथ घातली आहे. ती मी मोडते आहे. तिच्या पाकिटात वेगळी चिठ्ठी घातली आहे. तीत एवढंच लिहिलंय की तू गाढव आहेस आणि मी तुझी आई आहे, आणि जेवत जा.

आता तुझं. पत्र कसं सुरू करावं याचा विचार करत होते. तुला शिव्या द्यायला बसले तर शाई पुरायची नाही, आणि शिव्यांची तुला सवय आहे. त्यांत तुला माझी माया दिसते. म्हणून शिव्या देत नाही. साधं लिहिते.

तुला दारात उभं केलं होतं. एकच काम होतं, आत कोणाला जाऊ द्यायचं नाही. ते काम कुत्र्यालाही जमतं. तुला जमलं नाही. वर बाहेर आल्यावर पहिलं काय विचारलंस, तर डोळे फुटले होते का? चकती अडकवायला तुला लाज वाटते. कोट मात्र बरोबर त्या एका ठिकाणी अडकवतोस, ज्याच्यावर तुझा जीव अवलंबून होता. इतकं नेमकं चुकायलाही अक्कल लागते रे.

आणि वाचलास कशाने? तुझ्या तोऱ्याने. तुला "सोड" म्हणायची हौस नसती तर ती मागे वळलीच नसती. आयुष्यात पहिल्यांदा तुझा तोरा कुणाच्या उपयोगी पडला. तोही तुझ्याच.

तू म्हणशील, किरण सरळ नळीतून जातो, मी बाजूला होतो, फारसं काही झालं नसतं. म्हणशीलच. तसं असेल तर शिशाच्या भिंती कशाला बांधल्यात, गारव्याला?

तिचं बोट बटणावर होतं, बाबू. हे तिने तुला सांगितलंय का? सांगितलं नसणार. ती वैतागली होती, आज आपणच सोडू म्हणत होती. ते बोट खाली गेलं असतं आणि तुझं काही बरंवाईट झालं असतं, तर मी छाती पिटून रडले असते. मग हळूहळू सावरले असते, कारण माणूस सावरतो. ती सावरली नसती. पंचविशीही न गाठलेली पोर जन्मभर मामाला मारलं म्हणून जगली असती. मी तिच्याकडे बघितलं की तिला तेच दिसलं असतं. माझा भाऊ आणि माझी मुलगी, दोघंही एका बटणात गेले असते. आणि हे कशासाठी, तर तुला चष्मा हवा होता.

हे सगळं झालं नाही. तिने तुला बाहेर काढलं. आणि त्याच्या बदल्यात तू तिला बुडवतो आहेस. एवढी मोठी विद्या, एवढी पुस्तकं, आणि शेवटी एका पोरीच्या पाठीमागे लपलास. आईच्या पदराआड लपायचास तेव्हा निदान लहान होतास.

बैठकीत खरं सांग. तू आत शिरलास ते, आणि परीक्षा तिला द्यायला लावलीस तेही. तू लावलीस. तिने दिली नाही, तू लावलीस. हे तुझ्या तोंडून निघालं पाहिजे. नाही निघालं तर मी कुणाला काही लिहिणार नाही, कुठे येऊन तमाशा करणार नाही. फक्त यापुढे तुझं पाकीट आलं की न उघडता परत जाईल.

ताई


४ एप्रिल

ती. ताई,

हे पाकीट उघडलंस तर पुढचं वाच. नमस्कार आहेच.

बैठक झाली. बालवाडीबाईही होत्या, कोपऱ्यात बसल्या होत्या. ठकीने आपलं पाठ केलेलं म्हणायला तोंड उघडलं आणि मी म्हणालो, थांब. मग सांगितलं. दारात मी होतो, आत मी गेलो, चष्म्यासाठी गेलो, आधीपासून आत होतो हे खोटं सांगितलं. परीक्षेचंही सांगितलं. अध्यक्ष माझ्याच विषयातले आहेत, माझं पुस्तक त्यांच्या कपाटात आहे. ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर मला ओळखीची वाटली. वर्गात बाईंकडे मी तसंच बघत होतो.

मला दोन वर्षं खुराड्यात काम करायची बंदी. ठकीला कडक ताकीद आणि वर्ग पुन्हा, पण तिला राहू दिलंय. आठवडाभर मुदत वाढवली आहे. मोजमाप ती पुरं करेल, शोधाच्या वेळी दारात इथला तंत्रज्ञ उभा राहील. मी बाहेरच्या खोलीत बसून आकडे बघू शकतो, पण त्यालाही वर्ग करावा लागणार होता.

केला. पहिल्या बाकावर बसून. तो घसरणारा बावळट परत बघितला. ताई, ती चित्रफीत खरोखरच भिकार आहे, यावर मी ठाम आहे. मग आम्हाला रिकाम्या खुराड्यात नेलं. बाईंनी दार लावलं, नुसता भोंगा वाजवला आणि म्हणाल्या, आता लाल बटण शोधा. बाकीचे हसत हसत गेले आणि दाबून आले. माझी पाळी आली आणि माझे पाय हलेनात. तुला मी आजवर सांगितलं नाही, कुणालाच नाही. त्या दिवशी आत किरणाची वाट मला तंतोतंत ठाऊक होती. कुठून येईल, कुठे पडेल, माझ्या अंगावर किती उडेल, सगळं. बंद कसा करायचा तेवढं ठाऊक नव्हतं. भोंग्याबरोबर एक आवाज ओरडत होता, आत कोणी असेल तर लाल बटण दाबा, लाल बटण दाबा. मी कोटाला टेकून उभा होतो आणि भिंतभर लाल रंग शोधत होतो. भोंगा थांबल्यावर मी दाराकडे धावलो आणि ठकीला हाका मारत राहिलो. घरच्या नावाने.

हे सगळं मला तिथे आठवलं. बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "सावकाश. तुमच्या डाव्या हाताला आहे." तोच आवाज, निजवायचा. ताई, मला त्या आवाजाचा आधार वाटला. आणि वाटला याचा अजून राग येतोय.

परीक्षेत नापास झालो. एका प्रश्नाने. उद्या परत द्यायची आहे, तोवर तंत्रज्ञाच्या नजरेखाली बसू देतात. ठकी म्हणाली, सर, मी शिकवू का? म्हटलं, मामा म्हण.

ती आता शोध घेऊन बाहेर आली की दार लावायच्या आधी सगळ्यांदेखत ओरडते, "मामा?" मला बाहेरच्या खोलीतून "बाहेर!" असं ओरडावं लागतं. उत्तर आल्याशिवाय ती दाराला हात लावत नाही. तंत्रज्ञ हसतात. हसू देत. मी जरा वेळ लावत नाही.

तुझा,
बाबू


१० एप्रिल

चि. बाबू,

उघडलं पाकीट.

म्हणजे तिसऱ्यांदा नापास. आणि यावेळी मी शेजारी नव्हते, तेव्हा घरभर काय सांगशील? आता बालवाडीबाईंना बहीण कर आणि त्यांनी नापास केलं म्हण.

ठकीचं पत्र आलं. चार ओळींचं आहे. झोप लागते म्हणते. मला तेवढंच हवं होतं. तुझ्याबद्दल एक अक्षर नाही, फक्त शेवटी लिहिलंय, "मामाने थांब म्हटलं." ते मी किती वेळा वाचलं ते तुला सांगणार नाही, तू शेफारशील.

माझा राग गेलेला नाही. जायलाही वेळ लागेल आणि मी घाईत नाही. पण एक आहे. तुझ्या कॉलरमागची पट्टी मी शिवली होती. तू कोट जिथे काढशील तिथे जमिनीवर टाकायचास. आईला सारखं उचलावं लागायचं. म्हणून म्हटलं, निदान अडकवेल तरी कुठेतरी. चांगली दुहेरी शिवण घातली होती, जन्मात उसवायची नाही अशी. तुझं पत्र आल्यापासून ती शिवण माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही.

कोट माझ्याकडे पाठव. आधी ती पट्टी उसवते. मग जमिनीवर टाक, नाहीतर कुठेही टाक. मी उचलीन.

ताई